दोन मशीनींची एक

आबा, आईची मशीन चालू झाली.

हे आधी सांगते, कारण तुम्ही असता तर दारातून आत पाय टाकायच्या आधी तेच विचारलं असतं. जेवलीस का, बरी आहेस का, हे तुमचं सगळं नंतर, आधी मशीन. ती पिस्ता रंगाची, दोन टाक्यांची कपडे धुण्याची, जी रेल्वेचे एक साहेब बदली झाली तेव्हा आपल्या दुकानात टाकून गेले आणि जिच्यामागं तुम्ही अख्खा उन्हाळा घालवलात. तुम्हाला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. तेवढ्या वर्षांत मी तिचा पट्टा तीनदा बदलला, मोटर दोनदा नवी तार गुंडाळून भरली, टायमर एकदा दुसरा घातला. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं खालचा पत्रा खाल्ला तेव्हा वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाय लावून घेतले. तुमच्या माघारी दुकान बंद पडेल असं अख्ख्या पूर्णा गावाला वाटलं होतं, माझ्या सख्ख्या भावालाही. बाईमाणूस मोटरी भरणार म्हणून लोक चार दिवस गंमत बघायला आले, मग त्यांच्याच मोटरी जळल्या आणि ते गिऱ्हाईक झाले. ते असो. मशीन चालू झाली, आणि कशी चालू झाली ते तुम्हाला सांगायचं आहे. ऐकून तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे, म्हणून इतके महिने लिहिलं नाही.

आधी आईचं सांगते. आई आता मला ओळखत नाही. कधी मला तिची धाकटी बहीण समजायची, कधी कामाची बाई, आणि बहुतेक वेळा दुकानात आलेलं गिऱ्हाईक. "ते भाईर गेलेत, बसा," म्हणायची आणि मला पाणी आणून द्यायची. पहिल्यांदा तिनं असा तांब्या पुढं केला तेव्हा मी तो घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. पुढं पुढं पिऊन टाकायला लागले. ती भाकरी थापायची विसरली, देवापुढचा दिवा विसरली, नातवंडांची नावं विसरली. पण मशीन विसरली नव्हती. रोज सकाळी मागच्या अंगणात न्हाणीपाशी खुर्ची ओढायची, टाकीत दोन बादल्या पाणी ओतायची, टायमरचं बटण फिरवायची आणि मोजत बसायची. तळाची चकती एकदा उजवीकडं फिरते, थांबते, मग डावीकडं फिरते. प्रत्येक फेरीला एक आकडा. तुम्हाला आठवत असेल हे मोजणं कुठलं ते. दुकानाला जागा मिळाली नव्हती तोवर तुम्ही स्वयंपाकघरातच मोटरी भरायचात. तुम्ही हातचाकावर तांब्याची तार गुंडाळताय, आई चुलीपुढं भाकऱ्या थापते आहे आणि तुमचे वेढे तोंडानं मोजते आहे. शंभर झाले की एक चिंचोका पितळीत. मध्येच मी काही विचारलं तर ती पिठाचा हात माझ्या तोंडासमोर धरते, पण आकडा सोडत नाही. एकदा तिचा आकडा चुकला आणि जिंतूरकडच्या कुणाच्या तरी पंपाची मोटर बसवल्याबरोबर जळली. तुम्ही तिला एका शब्दानं बोलला नाहीत, तरी ती दोन दिवस मान वर करून तुमच्याशी बोलली नव्हती. तेवढं एक मोजणं तिच्यात राहिलं होतं. ज्या बाईला पोटच्या पोरीचं नाव येत नाही ती नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव करत शंभरपर्यंत न चुकता जायची. पुढं दुकानात मोटर उघडून बसलेली असताना मला ते ऐकू यायचं आणि वाटायचं, आहे, आई अजून घरात आहे.

होळी झाली आणि गिअरबॉक्स गेला. मोटर फिरते, पट्टा फिरतो, चकती मात्र ढिम्म. उघडून बघितलं तर सील गळून पाणी आत गेलेलं, दाते खाल्लेले, दांडी गंजून दातकोरण्याएवढी बारीक. कंपनीनं हे मॉडेल बंद करून किती वर्षं झाली. नांदेडच्या भंगार बाजारात तीनदा जाऊन आले. एका लेथवाल्याकडून दांडी कातून घेतली, ती अकरा दिवस टिकली. भावानं पुण्याहून नवी मशीन पाठवली, बटण दाबलं की गाणं म्हणणारी. आई तिच्याकडं पाहुण्याकडं बघावं तशी बघायची आणि लांबून जायची. तिची खुर्ची जुनीपाशीच. बटण फिरवायची, वाट बघायची, मग हाक मारायची, "बंद पडलीय ही. त्येनला बोलवा." त्येनला म्हणजे तुम्हाला. मी म्हणायचे, येतील. "कवा?" येतील गं. एक दिवस तिनं ताट बाजूला सारलं. "ते येऊन मशीन लावू देत, मग जेवीन." मला वाटलं, दुपारपर्यंत विसरेल, सगळंच तर विसरते. पण हे विसरली नाही. तीन दिवस पाण्याशिवाय काही पोटात नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, सलाईन लावून बघू, फार अपेक्षा ठेवू नका. त्या तीन दिवसांत मी तुमच्यावर जेवढी चिडले तेवढी तुम्ही जिवंत असताना कधी चिडले नव्हते. मेलेल्या माणसाचं बरं असतं, त्याला कुणी बोलावलं तरी यावं लागत नाही.

चौथ्या दिवशी दुकानापुढं टेंपो थांबला. गंगाखेडच्या एका मिस्त्रीला मी अशी मशीन दिसली तर कळव म्हणून सांगून ठेवलं होतं, त्यानं पाठवलेला माणूस. राणीसावरगावचा, नोकरीला परभणीत. मागं दोरीनं बांधलेली, तीच मशीन. तोच पिस्ता रंग, तेच मॉडेल. आबा, मी हातातलं काम टाकून पायरी उतरले. माणूस घाईत होता. म्हणाला, "आई आता मह्याकडं परभणीला असती. गावातलं घर रिकामं करायलोय. तुमाला ही लागायलीय म्हणं, घ्या. बंद पडलेलं भंगार हाय."

मी विचारलं, "आईला विचारलंय का?"

"तिला काय इचारायचं? तिला काय कळतंय आता."

हे वाक्य ऐकलं तेव्हाच तुम्ही माझ्यासमोर उभे राहिलात. लग्न मोडून मी परत आले होते, तुम्ही काही न विचारता मला पाटावर बसवून हातात तार दिली होती, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. रेल्वे क्वार्टरमधल्या एका गार्डसाहेबांनी दुसरीच एक मशीन आणून टाकली आणि भंगार आहे, काय करायचं ते करा म्हणाले. मी त्यातला टायमर काढून स्टेशनसमोरच्या लॉजच्या मशीनला लावला, आणि कसं पटकन काम केलं म्हणून तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आठवड्यानं गार्डसाहेबांच्या बाई दुकानात आल्या. मशीन झाली का, म्हणाल्या. तुम्ही माझ्याकडं बघितलं. मग स्वतः लॉजवर गेलात, चालू मशीन उघडून टायमर काढून आणलात, बाईंच्या देखत परत बसवलात, आणि त्या गेल्यावर मला म्हणालात, "गडीमाणूस म्हणतो भंगार हाय. त्याला काय ठावं? त्याचा हात कदी पाण्यात गेलाय का? जिचा हात मशीनला लागतो तिला इचारायचं. ती हो म्हणली तर पाना लावायचा, न्हाईतर न्हाई." तुम्ही आवाज चढवला नव्हता, पण दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. तेव्हापासून आपल्या दुकानाची ती रीतच पडली. सुटे भाग काढायचे असतील तर त्या घरी जायचं, घरातल्या बाईला विचारायचं, "बाई, हिच्यात हात घालू का?" एकदा तेवढ्यासाठी तुम्ही एसटीनं जिंतूरला गेलात आणि हात हलवत परत आलात. काय झालं विचारलं तर म्हणालात, "तिनं न्हाई म्हणलं." मग? "मग काय. न्हाई म्हणजे न्हाई." ती मशीन चार वर्षं दुकानात जागा अडवून बसली, तुम्ही तिला हात लावला नाहीत. लोक तुम्हाला हसायचे. मीही हसायचे, पाठीमागं.

परभणी काही लांब नाही. गाडीत बसले तर तासाभरात पोचते. मी त्या माणसाकडं पत्ता मागायला हवा होता. नाही मागितला. फोन नंबर तेवढा मागितला, तर तो म्हणाला, तिला फोनवर ऐकू येत नाही, आणि मला ते बरंच वाटलं. त्यानं मशीन उतरवली आणि तो गेला. आत आई भिंतीकडं तोंड करून पडलेली होती. मी तिच्या पायाला हात लावून बघितला, गार होता.

आणि आता जे सांगते ते नीट ऐका, कारण इथं मी स्वतःला फसवू शकत नाही. त्या मशीनला झाकण होतं जुन्या साडीचं, चारी बाजूंनी शिवलेलं, कडेला नाडी. पाण्याचा पाइप धुऊन, वाळवून, गुंडाळून चिंधीनं बांधलेला. टाकीत कडुलिंबाचा वाळलेला पाला, ज्वारीच्या कणगीत घालतात तसा, कीड लागू नये म्हणून. खालच्या पत्र्याला हातानं रंग लावलेला, त्याचे ओघळ सुद्धा पुसलेले. भंगार असं बांधून ठेवत नाहीत हे सांगायला मिस्त्री लागत नाही. कुणीतरी ही मशीन परत लावण्यासाठी ठेवली होती. मला ते पाला बघताच कळलं. आणि तुम्ही पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट, की दुकानात काहीही आलं तर आधी वीज देऊन बघायचं, ती मी केली नाही. प्लग माझ्या हातात होता. बोर्ड दोन हातांवर होता. मी प्लग खाली ठेवला आणि पाना घेतला.

गिअरबॉक्सचे चारही नट गंजून बसलेले. डिझेल सोडून वाट बघायला हवी होती, एक दिवस, दोन दिवस. तेवढा वेळ माझ्याकडं नव्हता. मी लोखंड कापायचं हेक्सा ब्लेड घेतलं आणि टाकीचा तळ गोल कापून काढला. प्लॅस्टिक कापताना जो आवाज येतो तो मला अजून दातांत जाणवतो. गिअरबॉक्स बाहेर आला तो इतका चांगला होता, ग्रीस सुद्धा पिवळं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत तो आपल्या मशीनमध्ये बसला. उरलेला सांगाडा मी दुकानाच्या मागच्या बोळात ओढत नेला, ताडपत्री टाकली आणि वर दोन विटा ठेवल्या.

आई आवाजानं उठून आली. धरायला कुणी नको, काठी नको, भिंतीला हात लावत आपली आपण आली. खुर्चीत बसली. थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "आले का?" मी हो म्हणाले. ती हसली आबा, आणि मोजायला लागली. त्या संध्याकाळी तिनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. मी इतकी खूश झाले की शेजारणीला पेढे दिले. कशाचे म्हणून तिनं विचारलं तर मला सांगता येईना.

तो आनंद बरोबर सहा दिवस टिकला. सातव्या दिवशी, सोमवारी, एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. सत्तरीच्या पुढची, नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, धाप लागलेली. "राणीसावरगावची मशीन तुमच्याकडंच हाय न्हवं? पिस्त्याच्या रंगाची? पोरानं दुरुस्तीला टाकलीय म्हणला. म्हणलं, आपणच बघून यावं." मुलानं ती मला भंगार म्हणून दिलीय हे तिला ठाऊक नव्हतं आणि ते मला तिथंच कळलं. मी म्हटलं, बसा मावशी. ती बसली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "तशी ती बंद पडली नव्हती बगा. घराची लाईट तोडली हुती म्हणून बंद हुती. मी परभणीला गेले तवा नीट बांधून ठेवली. पोराला वाटलं बिगडली."

मी पाणी आणायला म्हणून उठले आणि आत जाऊन उभी राहिले. चालू मशीन कापली होती मी. प्लग लावला असता तर तेवढं तरी मला कापायच्या आधी कळलं असतं. परत आले तर ती बोलतच होती, तिला सांगायला माणूस हवं होतं. मुलगा वाईट नाही, सून वाईट नाही. पण सुनेच्या मशीनला हात लावलेला चालत नाही, बिघडेल म्हणतात. हिची लुगडी त्यांच्या कपड्यांत टाकत नाहीत. न्हाणीत हातानं धुवावीत तर पाणी फार जातं. "दिसभर नुसतं बसून ऱ्हाते. हाताला कामच न्हाई. मही मशीन आली की गच्चीवर ठेवीन. कोपऱ्यात जागा बघून ठेवलीय, सावली हाय. मह्यापुरतं मी धुवीन, कुणाला तरास न्हाई." आणि मग बोलता बोलता तिनं मान वळवली. मागं अंगणात आईनं मशीन लावली होती.

"ही मही हाय," ती म्हणाली.

मी थांबवायच्या आत ती उठून मागं गेली. ऐकू येत नाही म्हणे! पाठोपाठ मी. तिनं मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवला, झाकणावर ठेवला, वाकून लोखंडी पाय बघितले, बाजूचा पोचा बघितला. पत्रा आमचा होता. तिचा चेहरा उतरला. "न्हाई. आवाज तेवढा सारखा हाय." मी म्हणाले, "एकाच कंपनीच्या मशीनी मावशी, आवाज सारखाच येणार." आबा, एवढं खोटं मी इतक्या सहज बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "मग मही कवा हुईल?" मी म्हणाले, "एक पार्ट मिळत नाही. पुढच्या सोमवारपर्यंत बघते." बोळाचं दार तिच्या पाठीमागं उघडं होतं. ताडपत्रीचा कोपरा वाऱ्यानं हलत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, मला वाटत होतं की आता ही वळणार आणि थेट तिकडं जाणार. ती वळली नाही. आई तिला म्हणाली, "या, बसा. ते भाईर गेलेत." आणि ती बसली. आईनं पिळायला घेतलेली साडी तिनं दुसऱ्या टोकानं धरली, दोघींनी मिळून पिळली.

त्यानंतर ती दर सोमवारी यायला लागली. सकाळच्या गाडीनं यायची, दुपारच्या गाडीनं जायची. मुलाला सांगत नव्हती. कधी चार बोरं आणायची, कधी लाल मिरचीचा ठेचा. "झाली का गं?" नाही मावशी. "बरं. सामान जुनं हाय, यायला येळ लागतोच." माझ्यावर रागावली असती, भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. उलट माझ्या बाजूनं कारणं तीच शोधायची. मग मागं जाऊन आईशेजारी बसायची. आई मोजायची, ती ऐकायची. एकाची जळते दाढी आणि दुसरा पेटवतो विडी, ही म्हण तुम्ही किती लोकांना ऐकवायचात. आता ती मला लागू पडते. मी रविवारपासूनच आजारी पडायला लागले. दुकान बंद ठेवावं असं ठरवायचे आणि सोमवारी उघडायचेच, कारण ती पायरीवर बसून राहील हे मला ठाऊक होतं.

तिची मशीन जोडता येईल का हेही बघितलं. नाही येत. तळ कापलेली टाकी कशानंच धरत नाही, मी सगळं लावून बघितलं, पाणी ठेवलं की सांधा सुटतो. एकच मार्ग होता. आपली मशीन, तिच्या गिअरबॉक्ससकट, टेंपोत घालून परभणीला त्या गच्चीवर नेऊन ठेवायची आणि तिला सगळं खरं सांगायचं. तुम्ही हेच केलं असतंत, दुसऱ्याच दिवशी. मी स्वतःला म्हणायचे, आई आहे तोवर नाही. आई आहे तोवर मला कुणी काही विचारू नये. तिनं खाल्लेला एकेक घास मी त्या बाईच्या मशीनवर तोलायचे आणि माझंच पारडं जड करायचे. आपला तो बाळ्या; दुसऱ्याची आई ती दुसऱ्याची.

आणि मग सोयाबीन निघायच्या दिवसांत आई मशीनही विसरली. काही झालं नाही, पडली नाही, ताप आला नाही. एका सकाळी ती खुर्चीपाशी गेलीच नाही. मी मशीन लावली, हात धरून तिला आणून बसवलं. तिनं मशीनकडं नव्या मशीनकडं बघायची तसं बघितलं. मी मोठ्यानं म्हटलं, एक. ती माझ्याकडं बघत राहिली. दोन, म्हटलं. तीन. मी एकटीच शंभरपर्यंत गेले आणि ती उठून आत जाऊन पडली. आता ती चमच्यानं भरवलं तर खाते, नाही भरवलं तर मागत नाही. तुम्हाला बोलवा असंही म्हणत नाही. मी त्या बाईकडून जे घेतलं ते आईला काही महिने पुरलं, आणि आता ते कुणाच्याच कामाचं नाही. सगळं फुकट गेलं असं लिहायला हात धजत नाही, पण दुसरा शब्द मला सापडत नाही.

मागच्या सोमवारी ती आली तेव्हा मी आईला भरवत होते. आईच्या तोंडातून पेज गळत होती आणि मला रडू फुटलं, गिऱ्हाइकापासून लपवावं तसं लपवता आलं नाही. तिनं माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि स्वतः भरवायला लागली. मला म्हणाली, "पोरी, तुही आई अशी झाली अन् मी आपली दर सोमवारी मशीन मशीन करायलेय. ऱ्हाऊ दे. मही काय घाई न्हाई. तू आधी हिचं बघ, मशीनचं मागून बघू." तिथं सांगता आलं असतं. आम्ही दोघीच होतो, आई ऐकत नव्हती, दुकानात कुणी नव्हतं. माझं तोंड उघडलं सुद्धा. मी म्हणाले, "चहा ठेवते मावशी."

हे मी तुमच्या वहीत लिहिते आहे, मोटरींचे वेढे लिहून ठेवायचात त्या लांब वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर, आणि ते इथंच राहणार आहे. खरं तर हे पत्र त्या बाईंना लिहायला हवं होतं. त्यांना वाचता येत नाही, म्हणजे वाचून दाखवायला हवं होतं. तुम्हाला लिहिणं सोपं आहे. तुम्ही सोमवारच्या गाडीनं येत नाही.

मशीन परभणीला न्यायला टेंपोवाल्याला मी दोनदा सांगितलं आणि दोनदा नको म्हणून कळवलं. दुसऱ्यांदा त्यानं विचारलं, का हो ताई, आईसाठी ठेवून घेताय का? मी हो म्हणाले. आबा, आई महिनाभर त्या अंगणात आलेली नाही. मी रोज सकाळी टाकीत दोन बादल्या पाणी ओतते, कपडे टाकत नाही, नुसतं बटण फिरवते आणि पुढं येऊन कामाला बसते. घरात कुणीतरी आहे असं वाटतं. तेवढ्यासाठीच नको म्हणाले.